तुवाल आणि टॉवेल

सोलापूर म्हटले की चादर, हे समीकरण महाराष्ट्रात कुणालाही सांगावे लागत नाही. पण त्याच दुकानात, चादरींच्या थप्पीशेजारी, आणखी एक थप्पी असते. ती टॉवेलची. २००५-०६ या वर्षात सोलापूरच्या दोन वस्तूंची भौगोलिक उपदर्शन म्हणून सरकारदरबारी नोंद झाली. एक 'सोलापुरी चद्दर' आणि दुसरी 'सोलापूर टेरी टॉवेल'. चादर हा शब्द फारसी, हे बहुतेकांना ठाऊक असते. टॉवेल हा शब्द इंग्रजी, असेही आपण सहज म्हणून जातो आणि तिथेच थांबतो. आज मला तिथे थांबायचे नाही. कारण हा शब्द इंग्रजांनीही उसनाच घेतलेला आहे, आणि तो ज्या वाटांनी सोलापुरापर्यंत आला त्या वाटा मोठ्या गमतीच्या आहेत.

आधी आपल्याच घरात पाहू. अंग कोरडे करायच्या कापडाला मराठीत शब्द नव्हता असे मुळीच नाही. पंचा होता, अंगपुसणे होते. खांद्यावर टाकायला उपरणे होते. हातातोंडासाठी रुमाल होता. त्यातला अंगपुसणे हा शब्द अगदी सरळ आहे. जे काम, तेच नाव. रुमालही तसाच, फक्त फारसीतला. 'रू' म्हणजे चेहरा आणि 'माल' म्हणजे पुसणारा. म्हणजे रुमालाचे शब्दशः मराठी करायचे तर 'तोंडपुसणे' असे करावे लागेल. पण शब्द एकदा भाषेत रुळला की आपल्या मूळ अर्थाशी बांधलेला राहत नाही. मराठीत रुमाल डोक्यालाही बांधला गेला. पेशवे दफ्तरातले कागद कापडात बांधून ठेवत, त्या गाठोड्यालाही रुमालच म्हणत. इतिहासाचे अभ्यासक अमुक क्रमांकाचा रुमाल मागतात, तेव्हा त्यांना नाक पुसायचे नसते, तर अठराव्या शतकातले हिशेब पाहायचे असतात. आणि एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची कला तर आपण सगळेच जाणतो.

चादरीचेही तसेच. इराणात 'चादर' म्हणजे बाईने डोक्यापासून पायापर्यंत पांघरायचे वस्त्र, आणि तंबूसुद्धा. आपल्याकडे ती अंथरुणावर आली, पांघरुणात आली, दर्ग्यावर चढली. कापड तेच, नाव तेच, अर्थ मात्र गावोगावी वेगळा.

आता टॉवेलकडे येऊ. जर्मन, डच, इंग्रजी, स्वीडिश, डॅनिश, आइसलँडिक या सगळ्या एका कुळातल्या भाषा. भाषाशास्त्रज्ञ या कुळाला जर्मानिक म्हणतात. या कुळाच्या आदिभाषेत 'धुणे' या अर्थाचा एक धातू होता. त्याचा उच्चार साधारण 'थ्वाहन' असा असावा, असे अभ्यासकांनी पुढच्या भाषांवरून ताडले आहे. त्याचा लेखी पुरावा चौथ्या शतकापर्यंत मागे जातो. त्या काळी बिशप वुल्फिला याने गॉथ लोकांच्या भाषेत बायबल उतरवले. त्या गॉथिक भाषेत 'थ्वाहल' म्हणजे स्नान. जुन्या इंग्रजीतही धुण्याला याच धातूचे क्रियापद होते. आजच्या आइसलँडिक भाषेत 'थ्वो' म्हणजे धुणे.

'थ्वाहन' आणि आपले 'धुणे' यांचा आवाज जवळचा वाटतो. तेव्हा ही दोन्ही सख्खी भावंडे, असे कुणालाही वाटेल. पण ती नाहीत. संस्कृत आणि जर्मानिक भाषा एकाच मोठ्या कुळातल्या असल्या, तरी त्यांच्यातला ध्वनींचा बदल ठरलेल्या नियमाने चालतो. आपल्या 'त'च्या जागी तिकडे 'थ' येतो. आपले 'त्रि', इंग्रजांचे 'थ्री'. आणि आपल्या 'ध'च्या जागी तिकडे 'ड' येतो. आपली 'विधवा', त्यांची 'विडो'. आपला 'मधु', त्यांचे 'मीड' हे मधाचे मद्य. तेव्हा 'धुणे'चा भाऊ तिकडे शोधायचा तर तो 'ड'ने सुरू व्हायला हवा, 'थ'ने नव्हे. शब्दांचे नाते आवाजाच्या सारखेपणावरून ठरवू नये, ते नियमावरून ठरवावे, हा धडा यातून मिळतो. आपल्याकडे कुठल्याही परदेशी शब्दाला ओढूनताणून संस्कृत मूळ चिकटवण्याची हौस पुष्कळांना असते, म्हणून हे जरा सविस्तर सांगितले.

या धातूपासून धुण्याच्या आणि धुतल्यानंतर पुसण्याच्या कापडाचे नाव तयार झाले. जुन्या जर्मनीत ते 'द्वाहिला' होते. पुढे जर्मन बोलींत ते 'त्स्वेहले' झाले. आणि इथून प्रत्येक भाषेने त्याला वेगळ्या कामाला लावले. डच भाषेत त्याची दोन रूपे झाली. 'ड्वाल' हे चर्चमधल्या वेदीवर अंथरायचे वस्त्र ठरले, तर 'ड्वेइल' म्हणजे फरशी पुसायचे फडके. एक भाऊ देवापुढे, दुसरा बादलीत! स्वीडिश भाषेत त्याच धातूपासून आलेला 'त्वोल' हा शब्द कापड राहिलाच नाही, त्याचा अर्थ झाला साबण.

हे ऐकून नवल वाटेल, पण आपल्या घरातल्या टॉवेलचे आयुष्य आठवून पाहा. नवा टॉवेल आधी पाहुण्यांसाठी कपाटात. मग तो घरच्यांच्या अंगाला. थोडा विरला की हात पुसायला मोरीपाशी. मग स्वयंपाकघरात ओट्यावर. आणि अखेर, कडा फाटल्या की, त्याचे पोतेरे. जे आपल्याकडे एका टॉवेलचे दहा वर्षांत होते, ते युरोपात एका शब्दाचे हजार वर्षांत झाले.

खरी गंमत पुढे आहे. ज्या भाषांनी हा शब्द जन्माला घातला, त्यांनीच तो टॉवेल या अर्थाने टाकून दिला. आज जर्मन माणूस टॉवेलला 'हांटटूख' म्हणतो, म्हणजे हाताचे कापड. डच 'हांडडुक' म्हणतो, स्वीडिश 'हान्डडूक' म्हणतो. सगळ्यांचा अर्थ तोच, हाताचे कापड. मग इंग्रजीत टॉवेल कुठून राहिला? तर तो राहिला नाही, परत आला.

पाचव्या शतकात रोमचे साम्राज्य ढासळत असताना फ्रँक नावाच्या जर्मानिक टोळ्यांनी गॉलचा, म्हणजे आजच्या फ्रान्सचा, ताबा घेतला. फ्रान्स हे नाव त्यांचेच. राज्यकर्ते फ्रँक आणि प्रजा लॅटिनची बोली बोलणारी. अशा वेळी जे होते तेच झाले. राज्यकर्त्यांनी हळूहळू प्रजेची भाषा घेतली, पण आपले काही शब्द तिच्यात सोडून दिले. त्यांत हे पुसायचे कापडही होते. लॅटिन जिभेला तो 'थ्व' काही जमेना, म्हणून त्याचा 'त' झाला आणि जुन्या फ्रेंचमध्ये 'तोआय' असा शब्द तयार झाला. तिथून तो दोन दिशांना निघाला. इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन सरदारांचे राज्य आल्यावर तेराव्या शतकाच्या सुमारास तो इंग्रजीत शिरला आणि टॉवेल झाला. म्हणजे इंग्रजांनी आपल्याच कुळातला शब्द परक्याच्या घरून उसना आणला. दुसरीकडे तो दक्षिणेला गेला. इटलीत 'तोवाल्या' झाला, पण तिथे तो जेवणाच्या मेजावर चढला. इटालियनमध्ये तोवाल्या म्हणजे मेजावर अंथरायचे कापड. स्पेनमध्ये 'तोआया', आणि पोर्तुगालमध्ये 'तुआल्या'. या दोन्ही ठिकाणी तो पुन्हा अंग पुसू लागला.

पोर्तुगालचे नाव आले की आपला संबंध आलाच. १५१० साली पोर्तुगिजांनी गोवा घेतला. त्यांच्याबरोबर कोकणी-मराठीत शब्दांची एक गलबतभर खेप आली. बटाटा, पाव, पगार, चावी, घमेले, काजू, तुरुंग, कपड्याला लागणारे काज, हे सारे शब्द त्यांच्याकडून आलेले. त्याच खेपेत 'तुआल्या' आला. कोकणीत तो 'तुवालो' झाला. जुन्या मराठीत 'टुवाल' हे रूप दिसते, आणि गुजरातीत तर आजही टॉवेलला 'टुवाल' हाच शब्द आहे. हिंदीत 'तौलिया', बंगालीत 'तोयाले', मल्याळममध्ये 'तूवाल', आणि समुद्रापलीकडे मलायात 'तुआला'. हा सगळा गोतावळा एका पोर्तुगीज शब्दाचा.

हा गोतावळा पहिल्यांदा नीट मांडून दाखवला तो आपल्याच भागातल्या एका विद्वानाने. बार्देशातल्या आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो. १८५५ चा जन्म. कोकणीचा कोश त्यांनी केलाच, पण १९१३ साली त्यांनी आशियाई भाषांवरचा पोर्तुगीज शब्दांचा प्रभाव दाखवणारा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. एकेक पोर्तुगीज शब्द घ्यायचा आणि तो कोकणीपासून जपानीपर्यंत कुठे कसा पोहोचला ते नोंदवायचे, अशी त्याची रचना. पुढे १९३६ साली बडोद्याहून त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. शब्दांचा प्रवास म्हणजे माणसांचा प्रवास, ही दृष्टी त्या ग्रंथाने दिली.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पोर्तुगिजांना आपण शिवकाळापासून 'फिरंगी' म्हणत आलो. हा शब्दही 'फ्रँक' या नावावरूनच आलेला. अरबी-फारसीत सगळ्या पश्चिम युरोपीयांना फ्रँक, म्हणजे 'फरंगी' म्हणत, आणि ते नाव आपल्याकडे आले. म्हणजे टॉवेल हा शब्द अक्षरशः फिरंगी आहे. खऱ्या फ्रँकांनी तो घडवला आणि ज्यांना आपण फ्रँक समजलो त्यांनी तो आणून दिला.

आणि त्याच्या शेजारचा साबण? तो आपल्याकडे अरबी 'साबून'वरून आला म्हणा किंवा पोर्तुगीज 'साबांव'वरून म्हणा, दोन्ही वाटा मागे एकाच ठिकाणी, लॅटिन 'सापो'पाशी जातात. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी लिहितो की, हा पदार्थ गॉल लोकांनी शोधला, तो केस लाल करण्यासाठी वापरतात आणि जर्मन लोकांतही त्याचा वापर आहे. लॅटिनने हा शब्दही जर्मानिक भाषेतूनच घेतला, असे भाषाशास्त्र सांगते. सकाळी आंघोळीला जाताना आपण एका हातात साबण आणि खांद्यावर टॉवेल घेतो, तेव्हा दोन अतिशय जुने जर्मानिक शब्द आपल्याबरोबर न्हाणीघरात येतात.

आता सोलापूर. हे शहर चार भाषांचे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू. त्यातली तेलुगू इथे आली ती मुख्यतः मागाबरोबर. तेलंगणातून पद्मशाली विणकर पिढ्यान्‌पिढ्या इथे येत राहिले आणि शहराचा पूर्व भाग त्यांच्या मागांच्या खडखडाटाने भरून गेला. १८७७ साली इथे पहिली कापड गिरणी सुरू झाली, तिला लोक पुढे 'जुनी मिल' म्हणू लागले. मग आणखी गिरण्या आल्या. गिरणीत काम, घरी माग, आणि घरातल्या बायका विड्या वळणार, असे पूर्व भागातल्या असंख्य घरांचे गणित होते.

या तेलुगू घरांत टॉवेलला काय म्हणतात? 'तुव्वालु'. पोर्तुगीज 'तुआल्या' दक्षिणेकडच्या किनाऱ्यांवरूनही आत शिरला होता, तो तेलुगूत असा रुळला. आणि त्याच घरात विणलेला माल व्यापाऱ्याच्या पेढीवर गेला की बिलावर त्याचे नाव 'टॉवेल'. मला सोलापूरची सगळ्यात मोठी भाषिक गोष्ट कुठली वाटते, तर ही. जुन्या फ्रेंच भाषेतून एक शब्द दोन वाटांनी निघाला. एक वाट लंडनवरून, एक लिस्बनवरून. शेकडो वर्षे दोघांची गाठ नाही. आणि मग पूर्व भागातल्या एका मागावर विणणारा त्याला तुव्वालु म्हणतो, विकणारा टॉवेल म्हणतो, आणि दोघे एकाच कापडाबद्दल बोलत असतात. कापड एक, माग एक, पण शब्द दोन वाटांनी आलेले.

त्यातला 'टेरी' हा प्रकार मात्र तुर्कांचा. तुर्की हमामखान्यात वापरायचे लुसलुशीत कापड बुर्सा शहरात विणले जाई. १८५० च्या सुमारास हेन्री ख्रिस्ती नावाच्या इंग्रजाच्या ते नजरेत भरले. त्याच्या घराण्याच्या गिरणीने ते यंत्रावर विणण्याची युक्ती साधली आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ते मांडले. तुर्की भाषेत टॉवेलला 'हावलू' म्हणतात, म्हणजे लव असलेले. पाहा, जर्मानिक लोकांनी नाव दिले धुण्यावरून, आपण दिले पुसण्यावरून, आणि तुर्कांनी दिले विणीवरून.

ती वीण साधी नाही. साध्या कापडात उभ्या धाग्यांचा एकच ताणा असतो. टेरीत दोन ताणे लागतात, एक घट्ट ओढलेला आणि दुसरा सैल सोडलेला. आडवा धागा टाकला की फणी तो ठोकून बसवते. पण इथे पहिले दोन आडवे धागे थोडे मागेच ठेवतात. तिसरा टाकला की फणी तिन्हींना एकदम पुढे ढकलते. घट्ट ताणा जागचा हलत नाही, सैल ताणा मात्र उभा राहतो आणि त्याची बारीक कडी होते. टॉवेलवर हात फिरवला की लागतात त्या याच कड्या. पाणी धरून ठेवतात त्याही याच. सैल ताणा किती सोडायचा, हे ज्याला कळले त्याच्या टॉवेलला अंग कोरडे होते. नाहीतर पाणी नुसतेच इकडचे तिकडे होते.

हा टॉवेल महाराष्ट्रात पोशाखही झाला. शेतकऱ्याच्या खांद्यावर तो असतोच. उन्हात डोक्याला, थंडीत कानाला, झाडाखाली बसायला आणि बाजारातून भाजी बांधून आणायला. लग्नात आहेर कुठला, तर टॉवेल-टोपी. सभेत पाहुण्याचा सत्कार, तोही टॉवेल-टोपी. ज्या कापडाचा डच भाऊ फरशी पुसतो, तेच इथे मानाचे झाले. त्याच दक्षिण भारतात एक काळ असाही होता की, काही जातींच्या माणसांना वरच्या म्हणवणाऱ्यांसमोर खांद्यावरचे वस्त्र काढून कमरेला बांधावे लागे. खांद्यावर कापड ठेवायचे की नाही, यावर माणसाची किंमत ठरत होती. तेव्हा टॉवेल-टोपीच्या आहेराला हसण्याआधी थोडे थांबावे. ज्याच्या खांद्यावर कधी कुणी काही ठेवले नाही, त्याला त्या वजनाची किंमत कळते.

'टॉवेलला शुद्ध मराठी शब्द का नाही?' असा प्रश्न मला पुष्कळदा विचारला जातो. भाषाशुद्धीबद्दल मला आदर आहे. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, सावरकरांनी 'महापौर' आणि 'दिनांक' यांसारखे शब्द दिले, आणि ते रुजले. कारभाराची भाषा लोकांना कळावी, यासाठी ती धडपड होती. पण जो शब्द लोकांच्या खांद्यावर आहे, तो कारभाराचा राहत नाही. अंगपुसणे आणि पंचा हे शब्द आपण जरूर वापरावेत, ते सुंदर आहेत. फक्त टॉवेलला परका म्हणून हाकलू नये. ज्या भाषेत तो जन्मला, तिनेच त्याला घराबाहेर काढले होते, आणि ज्यांनी ठेवून घेतला त्यांचा तो झाला. मालकी जन्मावरून ठरत नाही, वापरावरून ठरते.

आणि नेमके हेच मला सोलापूरबद्दल काळजीत टाकते. जुनी मिल १९४९ मध्ये बंद पडली, तेव्हा सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला, नंतर १९५० साली कायदा केला, आणि त्यावरचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. एका गिरणीच्या बंद पडण्याने दिल्ली हलत होती, असा तो काळ. विसावे शतक संपेपर्यंत इथल्या मोठ्या गिरण्या एकामागून एक थंडावल्या. उरले ते यंत्रमाग. त्यांच्यापुढे सुताचे चढते भाव आणि इतरत्र विणून 'सोलापुरी' म्हणून विकला जाणारा माल. भौगोलिक उपदर्शनाची नोंद त्यासाठीच आहे. ती 'टॉवेल' या शब्दाचे रक्षण करत नाही, तो कुणालाही वापरता येतो. ती रक्षण करते त्याच्या आधीच्या 'सोलापूर' या शब्दाचे. पण नोंदवहीतला शब्द एकटा काही करू शकत नाही. जर्मन भाषेत 'त्स्वेहले' कोशात आजही सापडतो. दुकानात कुणी मागत नाही, एवढेच.

म्हणून पुढच्या वेळी सोलापुरी चादर किंवा टॉवेल घ्याल, तेव्हा दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा, 'हा विणला कुठे?' त्याने सांगितलेले गाव खरे आहे की नाही, हे लेबल उलटून पाहा. पूर्व भागातला तो माग सुरू राहिला, तर तिथे तुव्वालु आणि टॉवेल हे दोन्ही शब्द ऐकू येत राहतील.